मेरीनंतरची जॉडी

सयामी जुळ्यांवरच्या शस्त्रक्रियेची बातमी येते ती तासांच्या हिशेबात. इतके डॉक्टर, इतके तास, आणि शेवटी ‘दोघांना वेगळं करण्यात यश’. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं सहसा बातमीत येत नाहीत. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या जॉडी आणि मेरी या जोडलेल्या बहिणींचं २००० सालचं प्रकरण मला त्यासाठीच पुन्हा मांडावंसं वाटतं. कायद्याच्या वर्गांत ते शिकवलं जातं ते एकाच प्रश्नासाठी: एकीला वाचवण्यासाठी दुसरीचा जीव जाऊ देता येतो का? निकालपत्र सावकाश वाचलं की त्याच्या पोटात चाललेला दुसरा वाद दिसतो. मागे उरणारी मुलगी चालेल का, तिला लघवी-शौचावर ताबा राहील का, तिचं करणार कोण? न्यायालयात जे भांडण झालं ते बरंचसं या न जगलेल्या आयुष्यावरून झालं.

आईवडील माल्टाच्या गोझो बेटावरचे, श्रद्धाळू कॅथलिक. गरोदरपणातच जुळी जोडलेली असल्याचं कळलं होतं. बेटावर न होणाऱ्या उपचारांसाठी रुग्णांना ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयात पाठवण्याचा दोन्ही देशांत करार होता, त्यानुसार आई मँचेस्टरला आली. गर्भपात त्यांच्या श्रद्धेत बसणारा नव्हता. ८ ऑगस्ट २००० रोजी सेंट मेरीज रुग्णालयात सिझेरियन करून दोघींचा जन्म झाला. न्यायालयानं ओळख लपवण्यासाठी त्यांना जॉडी आणि मेरी ही नावं दिली. खरी नावं पुढे जाहीर झाली, तरी मी न्यायालयाचीच नावं वापरणार आहे. या मुलीची शरीररचना आधीच जगभर छापून आलेली आहे, निदान नाव तरी तिचं तिच्याकडे राहू द्यावं.

दोघी ओटीपोटाशी जोडलेल्या होत्या. दोन धडं एका रेषेत, डोकी दोन टोकांना, आणि चारही पाय मधून काटकोनात बाजूंना गेलेले. हात-पाय, डोकं, हृदय प्रत्येकीचं वेगळं होतं. पण मेरीच्या फुप्फुसांनी कधी कामच केलं नाही, हृदय जवळपास निकामी होतं आणि मेंदूची वाढ फार अपुरी होती. एकटी जन्मली असती तर ती जन्मताच गेली असती. तिची महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, जॉडीच्या महाधमनीला जोडलेली होती, आणि जॉडीच्या हृदयातून येणाऱ्या रक्तावर तिचं शरीर टिकून होतं. जॉडी मात्र चुणचुणीत होती, चोखणी चोखायची, मेंदूची वाढ वयाला साजेशी. दोन शरीरांचा भार वाहणारं तिचं हृदय मात्र फार काळ तग धरणार नव्हतं. डॉक्टरांचा सुरुवातीचा अंदाज तीन ते सहा महिन्यांचा होता, त्यानंतर दोघीही जाणार.

पर्याय तीन होते. काहीच न करणं. मेरी दगावेपर्यंत थांबणं आणि मग घाईघाईत जॉडीला सोडवणं. किंवा आधीच ठरवून, दोघींची प्रकृती स्थिर असताना शस्त्रक्रिया करणं. डॉक्टरांनी न्यायालयापुढे आकडे ठेवले. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत जॉडी दगावण्याची शक्यता सुमारे ६ टक्के, मेरी गेल्यावर तातडीनं केली तर सुमारे ६० टक्के. मेरीचा मृत्यू मात्र ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत अटळ होता, महाधमनी कापल्यावर काही मिनिटांतच.

आईवडिलांनी नकार दिला. हा नकार पुढे ‘धार्मिक’ म्हणून एका शब्दात गुंडाळला गेला आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे असं मला वाटतं. दोन्ही मुली आपल्याच, एकीला जगवण्यासाठी दुसरीला मारायला आपण हो म्हणणार नाही, देवाची इच्छा असेल ते होईल, हे त्यांचं म्हणणं होतंच. पण त्यांच्या लेखी निवेदनात दुसरीही गोष्ट होती, अगदी संसारी माणसाची. आमच्या बेटावर अपंग मुलीसाठी सोयी तोकड्या आहेत. पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया लागल्या तर येणार कुठून आणि कशा? शेवटी मुलीला इंग्लंडमध्येच परक्यांच्या घरी ठेवून परतायची वेळ आली तर? हे प्रश्न श्रद्धेतून आलेले नाहीत. डायपर कोण बदलणार, फिजिओथेरपीला कोण नेणार, बोटीनं दुसऱ्या बेटावरच्या मोठ्या रुग्णालयात कितीदा जाणार, असा हिशेब करणाऱ्या माणसाचे हे प्रश्न आहेत.

रुग्णालयानं न्यायालयाकडे परवानगी मागितली. २५ ऑगस्टला न्यायमूर्ती जॉन्सन यांनी ती दिली. शस्त्रक्रिया म्हणजे मेरीचा उसना रक्तपुरवठा काढून घेणं, म्हणजे उपचार थांबवण्यासारखंच, असा त्यांचा युक्तिवाद होता. अपील न्यायालयाला तो मान्य झाला नाही. सुरी चालवणं ही कृतीच आहे, तिला ‘थांबवणं’ म्हणता येत नाही, हे तिथं स्पष्ट झालं. २२ सप्टेंबरला लॉर्ड जस्टिस वॉर्ड, ब्रूक आणि रॉबर्ट वॉकर या तिघांनी परवानगी कायम केली, पण तिघांच्या वाटा निराळ्या. वॉर्ड यांनी स्वसंरक्षणाच्या जवळपासचा मार्ग धरला: मेरी निष्पाप आहे, तरीही तिच्या असण्यानंच जॉडीचा जीव जातो आहे, आणि जॉडीच्या मदतीला धावायचा डॉक्टरांना अधिकार आहे. ब्रूक यांनी ‘निरुपाय’ या तत्त्वाचा आधार घेतला. समुद्रात उपाशी पडलेल्या खलाशांनी पोऱ्याला मारून खाल्लं त्या १८८४ च्या खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयानं हे तत्त्व खुनाला लागू करायला नकार दिला होता, म्हणून ब्रूक यांना फार जपून पावलं टाकावी लागली. त्यांनी तीन अटी घातल्या: टाळायचं संकट अटळ आणि भरून न येणारं असावं, गरजेपेक्षा जास्त काही करू नये, आणि केलेलं नुकसान टाळलेल्या नुकसानाच्या मानानं अवाजवी नसावं. त्या खलाशांनी आपल्यातला एक निवडला होता. इथं मेरीला कुणी निवडलं नव्हतं, तिचं मरण तिच्या शरीरानंच ठरवलं होतं. वॉकर यांनी शरीराच्या अखंडतेवर भर दिला. वेगळं होणं म्हणजे मेरीलाही, मरताना का होईना, तिचं स्वतःचं शरीर मिळणं.

हे न्यायालय कायद्याचं आहे, नीतीचं नाही, असं वॉर्ड यांनी निकालात लिहिलं. तरीही निकालाचा सगळा तोल जॉडीच्या पुढच्या आयुष्याच्या चित्रावर उभा आहे, हे नाकारता येत नाही. ती कायमची अंथरुणाला खिळणार असती, तर पारडं इतकं स्पष्ट झुकलं नसतं. डॉक्टरांनी दोन टोकं सांगितली होती. चांगलं झालं तर ती स्वतःच्या पायांवर चालेल, शाळेत जाईल, बऱ्यापैकी इतर मुलींसारखं जगेल. वाईट झालं तर चालायला आधार किंवा चाकाची खुर्ची, लघवी-शौचावर ताबा नाही, आणि मोठी होईपर्यंत एकामागून एक शस्त्रक्रिया. न्यायालयानं आशेच्या बाजूला जास्त वजन दिलं. आईवडील जॉडीच्या भविष्याकडे वाजवीपेक्षा काळ्या चष्म्यातून पाहताहेत, असं न्यायालयाला वाटलं.

आईवडिलांनी पुढे हाउस ऑफ लॉर्ड्सकडे, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाकडे, जायचं नाही असं ठरवलं. ६ नोव्हेंबरला सुरू झालेली शस्त्रक्रिया सुमारे वीस तास चालून ७ तारखेला संपली. एड्रियन बियांकी आणि ॲलन डिक्सन हे मुख्य शल्यचिकित्सक होते, त्यातले बियांकी मूळचे माल्टाचेच. मेरी शस्त्रक्रियेदरम्यान गेली. जानेवारी २००१ मध्ये गोझोवर तिचं दफन झालं. जॉडी तेव्हा मँचेस्टरच्या रुग्णालयातच होती.

बहुतेकांच्या लेखी प्रकरण इथं संपतं. मला खरं प्रकरण इथून पुढे दिसतं.

ओटीपोटाशी जोडलेल्या जुळ्यांच्या शरीरात नेमकं काय असतं ते जवळून पाहायला हवं. आपल्या कमरेची हाडं मागे मणक्याला आणि पुढे जांघेच्या वर एकमेकांना जोडून पूर्ण कडं बनवतात. या जुळ्यांमध्ये प्रत्येकीचं कडं पुढून उघडं असतं, मधोमध उघडून पालथ्या ठेवलेल्या पुस्तकासारखं, आणि दोघींच्या उघड्या कडा एकमेकींना जुळलेल्या असतात. म्हणून मांड्या बाजूंना फेकल्या जातात. वेगळं केल्यावर उघड्या कडा पुढे आणून जोडाव्या लागतात. त्यासाठी अनेकदा मागच्या बाजूनं हाड कापून दोन्ही अर्धे आत वळवावे लागतात, नाहीतर पाय कधी खाली वळतच नाहीत. मग कित्येक आठवडे प्लास्टर. पुढे बाळ उभं राहायला लागल्यावर खुब्याचा सांधा नीट बसला आहे का, एक पाय आखूड पडतो आहे का, पाठीचा कणा वाकतो आहे का, हे हाडं वाढत असेपर्यंत तपासत राहावं लागतं. बाळपणी बसवलेलं माप वाढीच्या वयात बिघडू शकतं.

पोटाचा पुढचा भागही कमी पडतो. दोघींची मिळून जितकी कातडी आणि स्नायू असतात, ते दोन पोटं झाकायला पुरत नाहीत. ज्या जुळ्यांमध्ये वेळ हाताशी असतो तिथं आधी काही आठवडे कातडीखाली फुगे बसवून ते हळूहळू फुगवतात आणि कातडी ताणून वाढवतात. वर्षं गेली तरी पोटाची भिंत कमकुवत राहणं, हर्निया होणं, व्रणाची कातडी शरीराबरोबर न वाढणं हे चालूच असतं.

आणि मग ज्याबद्दल बातम्यांत कधीच बोललं जात नाही ते. अशा जुळ्यांत मूत्राशय, मोठं आतडं, गुदद्वार यांची रचना गुंतलेली असते. स्नायू असले तरी त्यांना जाणाऱ्या नसा शाबूत असतील याची खात्री नसते. वेगळ्या झालेल्या अनेक मुलांना दिवसातून ठरावीक वेळा नळी घालून लघवी काढावी लागते, पोट साफ होण्यासाठी ठरलेल्या वेळी एनिमा घ्यावा लागतो. लहानपणी हे आई करते. सात-आठ वर्षांचं मूल शाळेत असताना कोण करतं? मुलगी वयात आल्यावर मासिक पाळीचा मार्ग मोकळा आहे का, योनीमार्गावर पुन्हा शस्त्रक्रिया लागेल का, हे नव्यानं पाहावं लागतं. आयुष्य ‘सर्वसामान्य’ झालं की नाही, हे अशा मुलांच्या बाबतीत चालण्यावरून ठरवतात, कारण चालणं फोटोत दिसतं. मूल मित्रांकडे रात्री राहायला जाऊ शकतं की नाही, हे मात्र चालण्यापेक्षा लघवीवरच्या ताब्यावर जास्त अवलंबून असतं.

जॉडी जून २००१ मध्ये आईवडिलांबरोबर गोझोला परतली. परक्या घरी राहायची वेळ आली नाही. ती वाढली, चालली, शाळेत गेली. डॉक्टरांनी मांडलेल्या दोन टोकांपैकी ती चांगल्या टोकाच्या बरीच जवळ पोहोचली. आईवडिलांनी वृत्तपत्रांना आणि दूरचित्रवाणीला आपली कहाणी सांगण्याच्या बदल्यात पैसे घेतले आणि ते मुलीच्या भविष्यासाठी ट्रस्टमध्ये ठेवण्यात आले. त्यासाठी न्यायालयाला ओळख लपवण्याचा आदेश शिथिल करावा लागला. यावर तेव्हा टीका झाली. मला ती पटत नाही. ज्या कुटुंबाला ‘मुलीचं पुढे कसं होणार’ हा प्रश्न पडला होता, त्यांच्यापुढे पैसे उभे करायचा हा एक मार्ग आला आणि त्यांनी तो घेतला. पण त्याची किंमत मुलीनं मोजली, कारण तिची ओळख जगापुढे खुली झाली तेव्हा ती जेमतेम वर्षाची होती आणि तिला विचारायची सोय नव्हती. शस्त्रक्रियेचा निर्णय देणाऱ्या यंत्रणेनं पुढच्या अठरा वर्षांच्या उपचारांची आणि प्रवासाची तरतूदही त्याच आदेशात बांधून दिली असती, तर हा व्यवहार कदाचित करावा लागला नसता.

२०१४ मध्ये, चौदाव्या वर्षी, तिनं मुलाखतीत डॉक्टर व्हायची इच्छा बोलून दाखवली. ही बातमी सगळीकडे ‘निकाल बरोबर होता’ याचा पुरावा म्हणून फिरली. इथं मला थांबावंसं वाटतं. निकाल बरोबर होता असं माझंही मत आहे, पण ते तिनं काय व्हायचं ठरवलं त्यावरून नाही. ती चाकाच्या खुर्चीत असती, शाळेत मागे पडली असती, तरीही २२ सप्टेंबर २००० चा निर्णय तितकाच बरोबर राहिला असता, कारण तो त्या दिवशी हाताशी असलेल्या माहितीवर घेतलेला होता. आणि तिचं आयुष्य निर्णयाचं समर्थन म्हणून वापरलं, की तिच्यावर एक न बोललेलं ओझं येतं: बहिणीच्या मरणाला साजेसं जगून दाखवायचं.

हे ओझं फक्त तिच्यापुरतं नाही. जोडलेल्या जुळ्यांपैकी एकच वाचतं तेव्हा वाचलेल्या मुलाला लहानपणापासून दोन गोष्टी एकत्र कळतात, आपण कुणाशी तरी जोडलेलो होतो आणि ते मूल आपल्या सुटकेत गेलं. साध्या जुळ्यांतलं एक लहानपणी गेलं तरी उरलेल्याला त्याची उणीव जाणवते, असं अनेक जुळी सांगतात. इथं तर अंगावर व्रण आहे, घराजवळ थडगं आहे, आणि निकालपत्रही छापलेलं आहे. त्यात न्यायाधीशांनी लिहिलेलं वाक्य वाचलं की मोठ्या माणसाच्याही पोटात कालवतं: बोलता आलं असतं तर जॉडी म्हणाली असती, थांब मेरी, तू मला मारते आहेस. कायद्याच्या दृष्टीनं ते वाक्य युक्तिवादाचा भाग आहे. पण एक दिवस ही मुलगी ते वाचणार आहे, तिच्याच तोंडी घातलेलं, तिनं कधी न म्हटलेलं. मी त्या खंडपीठावर असतो तर ते वाक्य लिहिलं नसतं. मेरीनं कुणालाच मारलं नाही. तिच्या बाबतीत ‘मारणं’ हे क्रियापद वापरायला कारणच नव्हतं, आणि ब्रूक यांच्या वाटेनं गेलं तर त्याची गरजही पडत नाही.

दुसऱ्या दोन प्रकरणांशी तुलना केली तर जॉडीचं नशीब किती बलवत्तर होतं ते कळतं. १९९३ मध्ये फिलाडेल्फियात एकाच जोडलेल्या हृदयावर जगणाऱ्या दोन बहिणींना वेगळं केलं. एक शस्त्रक्रियेत गेली, दुसरी पुढच्या वर्षी जूनमध्ये, पहिला वाढदिवस यायच्या आतच. त्या बाळानं ‘वेगळं झाल्यानंतरचं आयुष्य’ जवळपास सगळं रुग्णालयात काढलं. उलट २००६ मध्ये अमेरिकेत युटाह राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत चार वर्षांच्या दोन बहिणींना वेगळं केलं, दोघीही वाचल्या. पण दोघींत काम करणारं मूत्रपिंड एकच होतं आणि पाय दोन. प्रत्येकीच्या वाट्याला एक पाय आला, मूत्रपिंड एकीला गेलं. दुसरीला आठवड्यातून अनेकदा डायलिसिसवर राहावं लागलं आणि २००७ मध्ये आईनं तिला आपलं मूत्रपिंड दिलं. ती डायलिसिस झेपण्याइतकी मोठी व्हावी म्हणून तर डॉक्टरांनी चार वर्षं वाट पाहिली होती. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. शस्त्रक्रिया कधी करायची हे तिथं शस्त्रक्रियेच्या सोयीनं ठरलं नाही, नंतर काय करावं लागेल त्यावरून ठरलं. जॉडीच्या बाबतीत ती चैन नव्हती, तिचं हृदय तेवढी वाट पाहू शकणार नव्हतं. अशा मुलांना दिलेलं मूत्रपिंडही जन्मभर पुरेल याची हमी नसते, कधी ना कधी पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं, हेही घरच्यांना आधीच माहीत असायला हवं.

मँचेस्टरच्या प्रकरणात आईवडिलांना दोन गोष्टी एकत्र विचारल्या गेल्या असं मला वाटतं, आणि घोळ तिथंच झाला. एक, मेरीचा जीव जाईल अशा शस्त्रक्रियेला संमती द्याल का. दोन, जॉडी जगली तर तिला वाढवू शकाल का. पहिल्याचं उत्तर ते देऊच शकत नव्हते. आईबापाकडून ते मागणंच क्रूर होतं, आणि ते ओझं न्यायालयानं आपल्या शिरावर घेतलं हे बरंच झालं. दुसऱ्याचं उत्तर मात्र त्यांच्याशिवाय कुणीच देऊ शकत नव्हतं, आणि त्यावर त्यांच्याशी जितकं सविस्तर बोलायला हवं होतं तितकं त्या घाईत झालेलं दिसत नाही. त्यांची भीती खोडून काढली गेली, पण सोडवली गेली नाही. गोझोवर फिजिओथेरपी कुठे मिळेल, कोणती शस्त्रक्रिया कोणत्या वयात लागेल, मँचेस्टरला परत यायचा खर्च कोण करील, याचा आराखडा निकालाआधी त्यांच्या हातात पडला असता, तरी त्यांचा पहिल्या प्रश्नावरचा नकार बदलला नसता. दुसऱ्या प्रश्नावरची त्यांची रात्रीची झोप मात्र वाचली असती.

असा आराखडा आज जोडलेल्या जुळ्यांवर काम करणारी कोणतीही टीम करू शकते, आणि तो अठराव्या वर्षी थांबता कामा नये. अठराव्या वर्षी मूल बालरुग्णालयातून बाहेर पडतं आणि मोठ्यांच्या रुग्णालयात जातं, जिथं त्याच्यासारखा रुग्ण बहुधा कुणी पाहिलेलाच नसतो. मूत्राशयाचा डॉक्टर वेगळा, हाडांचा वेगळा, स्त्रीरोगतज्ज्ञ वेगळा, आणि मूळ शस्त्रक्रियेत कोणती धमनी कुठे जोडली, कोणतं हाड कुठे कापलं, ही माहिती तिसऱ्याच देशातल्या फायलीत. वेगळी झालेली मुलगी पुढे गरोदर राहिली तर प्रसूती करणाऱ्या डॉक्टरला नेमकी हीच फाईल लागते: कमरेचं कडं पुढून कसं जोडलंय, मूत्राशय कुठे आहे, पोटाच्या व्रणाखाली आतडी चिकटली आहेत का. तिची प्रत, समजेल अशा भाषेत, त्या मुलीच्या हातात असली पाहिजे.